४९९ रुपये स्वस्त का वाटतात?

चपलांच्या दुकानात पाचशेऐवजी ४९९ ची चिठ्ठी दिसते. फरक एका रुपयाचा, तरी मन त्या जोडाला चारशेच्या घरात बसवते. कारण आपण आकडे डावीकडून वाचतो आणि पूर्ण संख्या वाचून होण्याआधीच मेंदू तिचा अंदाज बांधू लागतो. शितावरून भाताची परीक्षा करावी, तशी पहिल्या अंकावरून किंमत जोखली जाते. मनोज थॉमस आणि विकी मॉरविट्झ या संशोधकांनी २००५ मध्ये हेच दाखवले: तीन डॉलरची किंमत २.९९ केली की ती बरीच कमी वाटते, ३.६० ची ३.५९ केली, तर तसे वाटत नाही. सेंट दोन्हीकडे एकच घटला, पहिला अंक मात्र एकाच ठिकाणी बदलला.

ही युक्ती आता सर्वांना ठाऊक आहे, मग फसतो कोण, हा आक्षेप रास्त आहे. पण हा अंदाज आपण ठरवून बांधत नाही, तो आपोआप बांधला जातो. युक्ती माहीत असणे आणि त्या क्षणी ती आठवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून चिठ्ठी वाचताना किंमत आधी पुढच्या शंभरात न्या आणि मगच पाकिटाला हात घाला.