भूमिका-खेळांतील पतन-इजा आणि प्रतिकाराचा नियम : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या संदर्भात

प्रास्ताविक :

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ इ.स. १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसून, फासे टाकून व संवादातून कथानक पुढे नेणाऱ्या भूमिका-खेळांची परंपरा येथूनच सुरू झाली. या खेळात पात्राची तग धरण्याची क्षमता ‘हिट पॉइंट्स’ या अंकात मोजली जाते. तलवारीचा घाव, आग, विष या सर्वांची इजा त्याच अंकातून वजा होते आणि कड्यावरून पडण्याचीही. मात्र कडा हा काही शत्रू नव्हे. म्हणूनच शत्रूच्या प्रहारांपासून मिळणारे संरक्षण पडण्याला लागू होते काय, हा प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होतो. पात्र जगणार की मरणार, हे पुष्कळदा त्याच्या उत्तरावर ठरते.

पतनाचा मूळ नियम :

इ.स. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनुसार दर १० फूट पतनामागे एक सहा बाजूंचा फासा टाकावयाचा असून फाशांची कमाल संख्या २० आहे. म्हणजे २०० फुटांपुढे कितीही उंची असली तरी इजा सरासरी ७० च राहते. वस्तूची गतिज ऊर्जा पतनाच्या उंचीच्या प्रमाणात वाढत असल्याने हे सरळ प्रमाण भौतिकशास्त्राला अगदीच सोडून नाही. पुढचा तपशील अधिक महत्त्वाचा आहे. या इजेला नियमाने ‘बोथट आघात’ हा प्रकार दिला आहे; गदेच्या प्रहाराचाही प्रकार हाच.

प्रकार आणि उगम :

एखाद्या प्रकाराच्या इजेला प्रतिकार असणे म्हणजे ती इजा निम्मी होणे. अपूर्णांक आल्यास तो सोडून दिला जातो. आता तीन उदाहरणे पाहू. ‘बार्बेरियन’ हा योद्धा क्रोधावेशात असताना त्याला बोथट, वेधक व छेदक इजेला प्रतिकार मिळतो. येथे इजा कोठून आली याची अट नाही. म्हणून पडण्याची इजाही निम्मी होते. ‘स्टोनस्किन’ या मंत्राच्या २०१४ च्या पाठात ‘जादूरहित’ इजा अशी अट आहे. साध्या पडण्यात जादू नसते, म्हणून तेथेही प्रतिकार लागू होतो. वृकमानवाची गोष्ट मात्र निराळी आहे. चांदीच्या शस्त्राने न केलेल्या ‘जादूरहित हल्ल्यां’पासून त्याला पूर्ण अभय आहे, परंतु पडणे हा हल्ला नव्हे. परिणामी साध्या तलवारीने ओरखडाही न उठणारा, ५८ हिट पॉइंट्सचा हा प्राणी २०० फूट दरीत ढकलल्यास बहुधा मरतो. ‘इजा’ आणि ‘हल्ला’ या दोन शब्दांतील अंतर एवढे निर्णायक ठरते. वाचताना ते सहज नजरेआड होते आणि टेबलावर वाद होतात ते याच कारणाने.

वजाबाकी आधी की भागाकार आधी? :

‘मंक’ या वर्गातील पात्राला चौथ्या पातळीपासून पतनाची इजा पातळीच्या पाचपट कमी करता येते. समजा, चार पातळ्या मंकच्या व एक बार्बेरियनची असे संमिश्र पात्र क्रोधावेशात ६० फुटांवरून पडले आणि सहा फाशांची बेरीज २६ आली. नियमानुसार वजाबाकी प्रथम व प्रतिकार नंतर. म्हणून २६ मधून २० वजा जाता ६ उरतात व निम्मे होऊन ३ इजा होते. क्रम उलटा धरल्यास २६ चे १३ होतील आणि २० च्या वजाबाकीत काहीच उरणार नाही. फरक केवळ तीन अंकांचा नाही. इजा झाली तर पात्र जमिनीवर आडवे होते, पूर्णतः टळली तर पायांवर उभे राहते. आणि खाली शत्रू वाट पाहत असेल तर उभे असणे फार मोलाचे असते. (१० फुटांच्या पतनात फाशावर एक पडला तर क्रोधावेशातील योद्ध्याची इजा शून्य होते व तोही उभाच राहतो. ही नियमाची एक मौज होय.) दोन निरनिराळे प्रतिकार असले तरी निम्मे एकदाच केले जाते, हेही ध्यानात ठेवावे.

आक्षेप :

क्रोधामुळे दगडावर आपटण्याची इजा कमी कशी होईल, हा आक्षेप स्वाभाविक आहे. हिट पॉइंट्स म्हणजे केवळ मांस व रक्त नसून त्यांत कौशल्य, दैव यांचाही वाटा आहे, असे स्पष्टीकरण गायगॅक्स यांनी १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथात दिले होते. तलवार चुकविण्याबाबत ते पटते. दरीच्या तळाबाबत तितकेसे पटत नाही. तरीही प्रतिकार नाकारावयाचा असेल तर सूत्रधाराने तो निर्णय खेळापूर्वी सांगावा. पात्र कड्यावरून उडी मारल्यानंतर नियम बदलणे हा खेळाडूवर अन्याय होय.

अन्य पद्धती व नवे बदल :

‘पाथफाइंडर’च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत फासेच नाहीत. जितके फूट पतन, त्याच्या निम्मी बोथट इजा. आणि प्रतिकार म्हणजे ठरावीक अंकाची वजाबाकी. ४० फुटांच्या पतनाची इजा २०. बोथट इजेला ५ प्रतिकार असल्यास १५.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४ च्या सुधारित नियमांत पतनाचे गणित तेच राहिले व वजाबाकी आधी, प्रतिकार नंतर हा क्रमही अधिक स्पष्ट मांडला गेला. ‘स्टोनस्किन’मधील ‘जादूरहित’ हा शब्द गळाला. २०२५ च्या राक्षस-ग्रंथात वृकमानवाचे ते अभयही काढून टाकण्यात आले. त्यामुळे आता त्याला दरीचे भय आहे तसे साध्या तलवारीचेही आहे.