स्टुडिओतला स्पीकर, हेडफोन आणि आपले कान



आपल्या गटातल्या ज्या ताया रेडिओसाठी स्वतः रेकॉर्डिंग करतात, किंवा करायचं मनात धरून आहेत, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. रेडिओचं काम बायांना जमतं का, हा प्रश्न आता जुना झाला. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी 2008 पासून चालते. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला तेलंगणात, जहीराबादजवळच्या माचनूर गावात संघम रेडिओ सुरू झाला. तो शेतात राबणाऱ्या दलित बायाच चालवतात. मशीन शिकता येतं, यात शंका नाही. ते शिकताना आपल्या जिवाला आणि कानाला धक्का लागू नये, एवढं मात्र पाहावं लागतं.

माईकबद्दल सगळे बोलतात. मिक्सर आणि स्पीकर-हेडफोन यांच्यामधे बसणाऱ्या छोट्या डब्याबद्दल कोणी फारसं सांगत नाही. त्याला मॉनिटर कंट्रोलर म्हणतात. तो रेकॉर्डिंग करत नाही. झालेलं रेकॉर्डिंग आपल्या कानापर्यंत किती आवाजात आणि कोणत्या वाटेनं पोचवायचं, एवढंच तो ठरवतो. त्यावर स्पीकरच्या आवाजाचं एक मोठं गोल बटण असतं. हेडफोनसाठी दोन ते चार भोकं असतात आणि चांगल्या डब्यात प्रत्येकाला आवाजाचं वेगळं बटण असतं. शिवाय आवाज एकदम बंद करणारं ‘म्यूट’, आवाज ठरावीक प्रमाणात खाली आणणारं ‘डिम’, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करणारं ‘मोनो’ आणि माईकच्या खोलीतल्या बाईशी बोलायचं ‘टॉकबॅक’ ही बटणं असतात. बटणं कमी-जास्त असतील, पण काम हेच.

आधी विजेचं बघा

डबा जोडण्याआधी भिंतीवरचा बोर्ड तपासा. थ्री-पिनचा बोर्ड आहे म्हणजे त्याला अर्थिंग आहेच, असं समजू नका. जुन्या घरात आणि समाजमंदिरात तिसऱ्या भोकामागे कधीकधी तारच जोडलेली नसते. परवानाधारक वायरमनकडून ते तपासून घ्या आणि बोर्डावर 30 मिलीअँपिअरचं ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवून घ्या. कुठे वीज गळाली, तर ते क्षणात लाईन तोडतं.

अर्थिंगचा खड्डाही विसरू नका. उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते आणि खड्ड्यातली माती कोरडी पडते. कोरड्या मातीत वीज नीट उतरत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत त्या खड्ड्यात नेमानं पाणी घालावं.

स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो, म्हणून अर्थिंगची पिन काढून टाका, असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. तो आवाज जाईल, पण आतली फेजची तार डब्याच्या पत्र्याला चिकटली तर ती वीज जमिनीत जाण्याऐवजी पत्र्याला हात लावणाऱ्या बाईच्या अंगातून जाईल. घरघर घालवायचे सुरक्षित उपाय आहेत. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर घ्या. आवाजाच्या वायरी विजेच्या वायरींपासून लांब ठेवा. दोन्ही एकमेकींना ओलांडतच असतील तर फुलीसारख्या आडव्या ओलांडू द्या, शेजारी शेजारी झोपवू नका. जिथे जमेल तिथे तीन पट्ट्यांच्या पिनची किंवा तीन टोकांची ‘बॅलन्स्ड’ वायर वापरा, ती बाहेरची घरघर कमी घेते.

डब्याला अडॅप्टर असेल तर त्याच्यासोबत आलेलाच वापरा. पिन बसते म्हणून मोबाईलचा किंवा सेटटॉप बॉक्सचा अडॅप्टर लावू नका. व्होल्ट वेगळे असले की डबा जळतो. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर आत काही बिघाड आहे. तो कारागिराकडे न्या, घरी उघडू नका.

अकोला-अमरावतीचा मे महिना आपल्याला कोणी सांगायला नको. पारा 45 च्या वर जातो तेव्हा यंत्रंही तापतात. दोन डब्यांमधे चार बोटांची जागा सोडा. धुळीसाठी कापड झाकायचं ते बंद करून थंड झाल्यावर. पाण्याचा तांब्या आणि चहाचा कप त्या टेबलावर येऊ देऊ नका.

पावसाळ्यात विजांचं भय वेगळं. ढग दाटून आले की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून काढून ठेवा. हे गडगडाट दूर असतानाच करायचं. डोक्यावर वीज कडाडायला लागल्यावर वायरींना हात लावू नका, आणि वायरचा हेडफोन तर आधीच काढून ठेवलेला असू द्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर विजेची आगाऊ सूचना देतं. ते गटातल्या एकीच्या तरी फोनवर असावं.

जोडायचा आणि सुरू करायचा क्रम

सगळी जोडणी यंत्रं बंद असताना करा. मिक्सरचा किंवा कॉम्प्युटरच्या साऊंड कार्डचा बाहेर जाणारा आवाज डब्याच्या ‘इनपुट’मधे, डब्याचं ‘आउटपुट’ स्पीकरमधे. डावी वायर डाव्याला, उजवी उजव्याला. वायरींवर चिकटपट्टी लावून नावं लिहा. जमिनीवरची वायर पट्टीनं चिकटवून टाका. लुगड्याचा काठ किंवा ओढणी अडकली तर बाईही पडते आणि टेबलावरचं सामानही.

आता सुरू करताना लक्षात ठेवा : स्पीकर शेवटी सुरू, पण पहिला बंद. आधी आवाजाची सगळी बटणं शून्यावर. मग कॉम्प्युटर आणि मिक्सर, मग कंट्रोलर, आणि अर्ध्या मिनिटानं स्पीकर. बंद करताना उलटं. याचं कारण असं, की कोणतंही यंत्र चालू-बंद होताना वायरीतून एक झटका पुढे जातो. स्पीकर आधीच चालू असेल तर तो झटका मोठा होऊन धप्प असा आदळतो. त्यानं स्पीकरचा पडदा फाटू शकतो आणि जवळ बसलेलीच्या कानालाही धक्का बसतो.

म्हणून लाईट गेली की पहिलं काम स्पीकरचं बटण बंद करायचं. नाहीतर लाईट येते तेव्हा सगळी यंत्रं एकदम जागी होतात. काही माईकला मिक्सरमधून 48 व्होल्ट द्यावे लागतात, त्याला फँटम पॉवर म्हणतात. ते बटण दाबण्याआधीही स्पीकर म्यूट करा आणि हेडफोन कानावरून काढा.

स्पीकर कुठे ठेवायचे

दोन स्पीकर आणि आपलं डोकं, असा तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण झाला पाहिजे. स्पीकरमधला लहान गोल आपल्या कानाच्या उंचीवर यावा. स्पीकर भिंतीला टेकवले की आवाज उगाच घुमतो, म्हणून थोडे पुढे घ्या. खोलीत गोधड्या किंवा सतरंज्या टांगल्या तर घुमणं आणखी कमी होतं.

माईक चालू असेल तेव्हा त्याच खोलीतला स्पीकर म्यूट असायलाच हवा. नाहीतर स्पीकरचा आवाज माईकमधे, माईकचा पुन्हा स्पीकरमधे, असं फिरत जाऊन कुईऽऽ अशी शिट्टी सुटते. लग्नाच्या मांडवात ती आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तीच शिट्टी हेडफोनमधे सुटली तर थेट कानात घुसते. काही स्टुडिओत माईक उघडला की स्पीकर आपोआप बंद होतो. आपला डबा तसा नसेल तर म्यूटची जबाबदारी एकीवर नेमून द्या.

कानाचा हिशोब

डोळ्याला चष्मा लागतो, दाताला कवळी. कानाच्या आत आवाज पकडणारे बारीक केसासारखे तंतू असतात. ते मोठ्या आवाजानं मेले की पुन्हा उगवत नाहीत. यंत्र बसवलं तरी आधीसारखं ऐकू येत नाही. आणि हे दुखत नाही, म्हणून लवकर कळतही नाही.

आवाज डेसिबलमधे मोजतात. साधं बोलणं साधारण 60 डेसिबल असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकला तर चालतो. पण दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो : 83 ला 20 तास, 86 ला 10 तास, 89 ला फक्त 5 तास. बटण थोडंसंच फिरवलेलं दिसतं, पण आठवड्याभराची शिदोरी एका दिवसात संपते.

ही शिदोरी फक्त हेडफोननं संपत नाही. जिनिंगमधे, दाल मिलमधे, पिठाच्या गिरणीवर किंवा मळणी यंत्राजवळ दिवसभर काम केलेली ताई संध्याकाळी रेकॉर्डिंगला येते, तेव्हा तिच्या कानानं त्या दिवसाचा वाटा आधीच उचललेला असतो. थकलेल्या कानाला कमी ऐकू येतं, म्हणून ती आवाज आणखी वाढवते. अशा दिवशी तिला हेडफोनवर बसवू नका. तिला माईकवर घ्या, प्रश्न विचारायला द्या, वहीत वेळा लिहायला द्या. कामाची पाळी लावताना एवढं पाहिलं की झालं.

आवाज किती ठेवायचा, यासाठी सोपी युक्ती सांगतो. शांत खोलीत एखादं साधं बोलणं लावा. हेडफोनचं बटण शून्यापासून हळूहळू वर न्या. समोर बसलेली बाई बोलते आहे इतपत ऐकू आलं की थांबा आणि बटणाच्या त्या जागी टिकली चिकटवा. रोज तिथेच ठेवा. हेडफोन बदलला तर टिकलीची जागा पुन्हा ठरवा, कारण एकाच खुणेवर एक हेडफोन हळू वाजतो, दुसरा मोठ्यानं. दर तासाला दहा मिनिटं कान मोकळे ठेवा.

याचा फायदा कामालाही होतो. एखाद्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आपण घेतो, तेव्हा पंख्याची घरघर, बाहेरचा ट्रॅक्टर, पदराची सळसळ आताच कानावर यावी लागते. उद्या ती आजी असेलच असं नाही. कान ताजे असतील तरच ते बारीक आवाज टिपता येतात. रेकॉर्डिंग झाल्यावर ‘मोनो’ दाबूनही एकदा ऐका. बहुतेक बाया ते मोबाईलच्या किंवा रेडिओच्या एकाच स्पीकरवर ऐकणार आहेत. मोनो केल्यावर आवाज बारीक झाला किंवा गायब झाला, तर एखादी वायर उलटी जोडलेली आहे.

एका हेडफोनचे अनेक कान

हेडफोन कानाला लावून मग पिन जोडू नका. आधी बटण शून्यावर, मग पिन, मग कानाला, मग आवाज. टॉकबॅकवर बोलताना ओरडू नका, तो आवाज थेट दुसरीच्या कानात जातो. मोठे झुमके काढून ठेवा. प्रत्येकीनंतर हेडफोनची गादी कोरड्या कापडानं पुसा. शक्य असेल तर सुती कापडाची टोपणं शिवा, आपल्यातल्या शिवणकाम करणाऱ्या तायांना ते सहज जमेल. ती रोज धुता येतात. कान वाहत असेल तर बरा होईपर्यंत हेडफोन लावू नका.

हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, दडे बसल्यासारखं वाटलं, किंवा शेजारची बाई लांबून बोलते आहे असं वाटलं, तर त्या दिवशी काम थांबवा. हे वारंवार होत असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. उशीर झाला तर उपचाराचा उपयोग कमी होतो.

पुढच्या बैठकीत गटानं तीन कामं करावीत, अशी आमची विनंती आहे. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा. प्रत्येक हेडफोनच्या बटणावर टिकली लावा. आणि ‘स्पीकर शेवटी सुरू, पहिला बंद’ हे वाक्य मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहा, म्हणजे नवी आलेली मुलगीही कोणाला न विचारता यंत्राला हात लावू शकेल.