पुस्तकातली उशी आणि वॉर्डातला पेशंट

धाप लागणाऱ्या पेशंटला 'रात्री किती उशा लागतात?' असं विचारावं, हे मेडिसिनच्या पुस्तकात असतं. आडवं पडल्यावर दम वाढत असेल तर हृदय थकल्याची शंका बळावते. पण सरकारी रुग्णालयातला पेशंट अनेकदा घरी घोंगडीवर, उशीविना झोपणारा असतो. तो 'एकही नाही' म्हणतो आणि विद्यार्थी केसपेपरवर 'लक्षण नाही' असं लिहून मोकळा होतो. 'रात्री दम कोंडून उठून बसावं लागतं का?' हे विचारायला चार पेशंटांशी बोलून झालेलं असावं लागतं. हाताचंही तसंच. यकृत तपासताना पोटाच्या उजव्या बाजूला खालून चाचपत वर यायचं, पेशंटला खोल श्वास घ्यायला सांगायचं आणि बोटं स्थिर ठेवायची. यकृत वाढलेलं असेल तर त्याची कड आपणहून बोटाला येऊन लागते. नवखा हात घाईने रुततो, पोट आक्रसतं, आणि काहीच कळत नाही.

एमबीबीएसच्या साडेचार वर्षांनंतरची बारा महिन्यांची इंटर्नशिप हे वळण पक्कं करण्यासाठी आहे. नेमकी तीच नीट-पीजीच्या तयारीत आणि रक्ताचे नमुने लॅबला पोचवण्यात सरते. साडेतीन तासांत 200 बहुपर्यायी प्रश्नांच्या या परीक्षेत पेशंटची माहिती आयती मांडून दिलेली असते. ती काढून घ्यावी लागत नाही. विद्यार्थ्यांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. पुढची जागा ज्या गुणांवर मिळते, त्यांत वॉर्डातल्या वर्षाची किंमत शून्य आहे.

सोनोग्राफी असताना बोटांचं एवढं कौतुक कशाला, असं कुणी म्हणेल. पण सोनोग्राफी कुणाची करायची, हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं. आणि बंधपत्राच्या सेवेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलेल्या डॉक्टरच्या हाताशी ते यंत्र नसतं. सुई टोचणं पुतळ्यावर शिकता येतं, शिकावंच. पण पुतळा लाजत नाही, दुखणं लपवत नाही. खरा वजनदार आक्षेप वेगळा आहे: वॉर्डातल्या कामाला गुण दिले की वशिला शिरेल. ही भीती रास्त आहे, आणि 2019 च्या अभ्यासक्रमातल्या, शिकलेल्या कौशल्यांच्या नोंदवहीवर एकगठ्ठा सह्या घेता येतात, हेही खरं. म्हणून गुण विभागप्रमुखाच्या हाती न देता 'ऑस्की' या प्रात्यक्षिक परीक्षेच्या पद्धतीने द्यावेत: सगळ्यांना तीच स्थानकं, तीच तपासणी-यादी, बाहेरचे परीक्षक. त्यातले थोडे गुण जरी पीजी प्रवेशात धरले, तरी इंटर्नला अभ्यासिकेतून वॉर्डात यायला कारण मिळेल. यासाठी शिक्षकांचा वेळ लागेल. अध्यापकांची रिक्त पदं आधी भरावी लागतील, आणि तो खर्च सरकारनेच करायचा आहे.