तेरेझीन : दाखवलेले गाव आणि दडवलेले गाव

प्रागला दोन-तीन दिवसांसाठी येणारा पर्यटक सहसा ठरलेल्या वाटेनेच फिरतो. सम्राट चौथ्या चार्ल्सच्या काळात १३५७ साली बांधायला घेतलेला व्लतावा नदीवरचा दगडी पूल, टेकडीवरचा किल्ला, जुन्या चौकातले १४१० सालचे खगोलीय घड्याळ आणि त्यासमोर दर तासाला जमणारी गर्दी. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील अनेक शहरे बेचिराख झाली. प्राग मात्र बरेचसे शाबूत राहिले. त्यामुळे इथे सारे काही वाचले, असा समज सहज होतो. तो किती अपुरा आहे, हे जुन्या चौकापासून काही मिनिटांच्या अंतरावरील योसेफोव या ज्यू वस्तीत गेल्यावर कळते.

या वस्तीतील जुने-नवे सिनेगॉग तेराव्या शतकातील असून आजही तेथे प्रार्थना होते. जवळच्या दफनभूमीत सुमारे बारा हजार शिळा एकमेकींना टेकून उभ्या आहेत. सर्वांत जुनी शिळा १४३९ सालची, तर शेवटचे दफन १७८७ मधले. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून मातीचे थरावर थर चढवून दफने होत राहिली. दफनभूमीला लागूनच सोळाव्या शतकातील पिंकास सिनेगॉग आहे. त्याच्या आत मूर्ती नाहीत, चित्रे नाहीत. भिंतींवर आहेत ती केवळ नावे. बोहेमिया व मोराविया या प्रांतांतील, नाझींनी मारलेल्या सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार ज्यूंची ही नावे. प्रत्येक नावापुढे जन्मतारीख आणि ती व्यक्ती हयात असल्याची शेवटची ज्ञात तारीख.

या भिंतींचाही एक इतिहास आहे. १९५४ ते १९५९ या काळात ही नावे हाताने लिहिली गेली. पुढे १९६८ मध्ये भूगर्भातील पाण्याच्या ओलीमुळे इमारत बंद करण्यात आली आणि अक्षरे नष्ट झाली. कम्युनिस्ट राजवट १९८९ मध्ये कोसळल्यानंतरच, १९९० च्या दशकात, सर्व नावे पुन्हा लिहिण्यात आली.

या नावांतील बहुतेकांचा प्रवास ज्या गावावरून झाला, ते तेरेझीन प्रागच्या उत्तरेस सुमारे साठ किलोमीटरवर आहे. बसने तासाभरात तेथे पोहोचता येते. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८० मध्ये हे तटबंदीचे गाव वसवले आणि त्याला आई मारिया तेरेझा हिचे नाव दिले. गावाशेजारच्या ‘छोट्या किल्ल्या’त तुरुंग होता. १९१४ मध्ये साराजेवोत आर्चड्यूक फर्डिनांडवर गोळ्या झाडणारा गाव्रिलो प्रिन्सिप येथेच कैदेत होता. १९१८ मध्ये तो तेरेझीनच्याच रुग्णालयात मरण पावला. नाझींनी १९४० मध्ये हा किल्ला गेस्टापोचा तुरुंग केला आणि नोव्हेंबर १९४१ पासून संपूर्ण गावच ज्यूंचा घेट्टो बनवले. युद्धापूर्वी सैनिकांसह जेमतेम सात हजार लोकांची ही वस्ती. सप्टेंबर १९४२ मध्ये तेथे अठ्ठावन्न हजारांवर माणसे कोंबलेली होती. भूक, रोगराई आणि दाटी यांनी सुमारे तेहतीस हजार माणसे तेथेच दगावली. सुमारे सत्त्याऐंशी हजारांना पूर्वेकडील मृत्युछावण्यांत व घेट्टोंत धाडण्यात आले. त्यांतील चार हजारही वाचले नाहीत.

इतर छावण्यांहून तेरेझीन वेगळे ठरते ते एका कारणामुळे. हे गाव जगाला दाखवण्यासाठी वापरले गेले. ऑक्टोबर १९४३ मध्ये डेन्मार्कमधील साडेचारशेहून अधिक ज्यूंना येथे आणण्यात आले. त्यांचे काय झाले, याची विचारणा डेन्मार्कने चिकाटीने चालू ठेवली. अखेर रेड क्रॉसच्या भेटीला नाझींनी परवानगी दिली आणि गावाचे ‘सुशोभीकरण’ सुरू झाले. घरांना रंग लागले, चौकात हिरवळ व गुलाब आले, वाद्यवृंदासाठी मंडप उभा राहिला, दुकाने मांडली गेली. गर्दी दिसू नये म्हणून मे १९४४ मध्ये साडेसात हजार माणसांना ऑशविट्झला रवाना करण्यात आले.

२३ जून १९४४ रोजी तीन सदस्यांचे शिष्टमंडळ आले. त्यांत दोन डॅनिश अधिकारी आणि आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचा एक प्रतिनिधी होता. आखून दिलेल्या रस्त्यांनी ते काही तास फिरले. मुलांनी ‘ब्रुंडिबार’ ही संगीतिका सादर केली. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या अहवालात गावाचे चित्र सर्वसामान्य गावासारखेच उतरले. येथून कोणाला पुढे पाठवले जात नाही, हेही मान्य केले गेले. या यशाने उत्तेजित होऊन नाझींनी गावावर प्रचारपट काढला. त्याच्या दिग्दर्शनाचे काम कैदी अभिनेता कुर्ट गेरॉन याच्याकडून करवून घेतले. सप्टेंबरच्या अखेरीपासून महिन्याभरात अठरा हजारांहून अधिक लोकांना ऑशविट्झला पाठवण्यात आले. त्यांत गेरॉन होता, ‘ब्रुंडिबार’चा संगीतकार हान्स क्रासा होता आणि त्यात गाणारी बहुतेक मुलेही होती.

मात्र त्याच गावात खरी साक्षही गुपचूप गोळा होत होती. बाउहाउसमध्ये शिकलेली चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रँडाइस मुलांना चित्रकला शिकवत असे. प्रत्येक चित्रावर मुलाने आपले नाव लिहावे, असा तिचा आग्रह असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झला नेले जाण्यापूर्वी तिने सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसांत लपवून ठेवली. त्यांतील काही आज पिंकास सिनेगॉगच्या वरच्या मजल्यावर पाहता येतात. मुलांच्या वसतिगृहात ‘वेदेम’ नावाचे हस्तलिखित साप्ताहिक निघत असे. त्याची सुमारे आठशे पाने वाचली आहेत. त्याचा संपादक पेत्र गिंझ ऑशविट्झमध्ये मारला गेला, तेव्हा सोळा वर्षांचा होता. चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल, याचे एक चित्र त्याने काढले होते. त्याची प्रत इस्रायली अंतराळवीर इलान रॅमोन यांनी २००३ मध्ये कोलंबिया यानातून सोबत नेली. याच यानात कल्पना चावला होत्या. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान कोसळले. तो पेत्रचा पंचाहत्तरावा जन्मदिवस होता.

मुलांचे ते वसतिगृह म्हणजे गावातली जुनी शाळा. तेथे १९९१ पासून घेट्टो संग्रहालय आहे. आज तेरेझीनमध्ये सामान्य वस्ती आहे. चौकात झाडे आहेत, बाके आहेत, दुपारची शांतता आहे. घाईने फेरफटका मारणाऱ्याला ते एक नीटनेटके छोटे गावच वाटेल, आणि १९४४ च्या पाहुण्यांनाही नेमके तेच वाटावे, अशी योजना होती. म्हणूनच येथे क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी पिंकास सिनेगॉगमधील नावे व चित्रे पाहावीत, मग तेरेझीनला जावे. प्रागचे ज्यू संग्रहालय शनिवारी बंद असते, हे लक्षात ठेवावे. तेरेझीनसाठी अख्खा दिवस द्यावा. संग्रहालय आणि किल्ला पाहिल्यावर अंत्यसंस्कारांच्या भट्टीपर्यंत चालत जावे आणि ओह्रे नदीच्या काठी थांबावे. १९४४ च्या अखेरीस हजारो मृतांची रक्षा नाझींनी याच नदीत टाकून दिली होती, मोजणीसाठीही काही उरू नये म्हणून. ती मोजणी पुढे प्रागमधल्या भिंतींवर पूर्ण झाली, एकेका नावाने, आणि पुसली गेल्यावर पुन्हा एकदा.