दिसतंय, पण हात लावू देत नाही!

सबमिशन जवळ आलं की होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये हा प्रकार घडतो. यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर लिनक्सवाल्या मशीनला जोडला, 'एलएसयूएसबी' कमांड दिली, तर साहेब यादीत हजर! पण एव्हीआरड्यूड चालवलं की उत्तर येतं, 'परमिशन डिनाइड'. मग कोणीतरी सीनियर म्हणतो, "अरे, सुडो लाव की!" काम होतं आणि विषय संपतो. खरं तर तो इथूनच सुरू व्हायला हवा.

लिनक्स प्रत्येक यूएसबी उपकरणासाठी 'डेव्ह' डिरेक्टरीत, बस आणि यूएसबी या फोल्डरांच्या आत, एक फाइल तयार करतं. तिची परवानगी सहसा ०६६४ असते. म्हणजे रूट आणि त्याचा ग्रुप यांना वाचता-लिहिता येतं, बाकीच्यांना नुसतं वाचता येतं. म्हणून उपकरण दिसतं. पण त्याला हुकूम द्यायला लिहिण्याचा अधिकार लागतो, तो आपल्याकडे नसतो. लॅबच्या एकाच मशीनवर अनेकांची खाती असतात, त्यामुळे हे कुलूप हवंच.

सुडो लावलं की पूर्ण प्रोग्रॅमच रूट म्हणून चालतो. त्याने बनवलेल्या फाइल्सही रूटच्या नावावर जातात आणि उद्या आपल्यालाच बदलता येत नाहीत. काही जण त्या डेव्हमधल्या फाइलवर 'सीएचमॉड ६६६' मारतात. पण केबल काढून परत लावली की उपकरणाला नवा क्रमांक, नवी फाइल. केलेली मेहनत पाण्यात!

कायमचा उपाय म्हणजे यूडेव्ह. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ मध्ये मांडलेली ही यंत्रणा उपकरण कुठल्या पोर्टला लावलं ते न बघताही त्याची ओळख पटवू शकते. एलएसयूएसबीच्या ओळीत कोलनने जोडलेले दोन आकडे दिसतात, पहिला व्हेंडरचा आणि दुसरा प्रॉडक्टचा. यूएसबीएएसपीचे आहेत १६सी०:०५डीसी. आता 'इटीसी'मधल्या यूडेव्हच्या 'रूल्स डॉट डी' फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करा. तिच्यात एकच नियम लिहा: सबसिस्टिम यूएसबी, व्हेंडर आणि प्रॉडक्ट हे असतील तर मोड ०६६० आणि ग्रुप प्लगडेव्ह. डेबियन व उबंटूमध्ये हा ग्रुप असतो, आपण त्यात आहोत ना तेवढं बघा. मग 'यूडेव्हअ‍ॅडम कंट्रोल रीलोड' द्या आणि केबल काढून लावा. सुडोची गरज फक्त हे बसवताना, एकदाच.

आर्डुइनोसारखे बोर्ड सिरियल पोर्ट म्हणून येतात. त्यांच्यासाठी याच सिस्टिम्सवर 'डायलआउट' ग्रुप पुरतो. मात्र 'यूजरमॉड' वापरताना 'कॅपिटल जी'च्या आधी 'ए' विसरू नका. तो विसरला तर बाकीच्या ग्रुपमधून नाव कटतं, त्यात सुडो ग्रुपही आला! नंतर लॉगआउट करून परत या, त्याशिवाय नवा ग्रुप लागू होत नाही.

आता रीसेटचं बघू. उपकरण मध्येच गप्प झालं तर दर वेळी केबल उपटायची गरज नाही. यूएसबी-युटिल्स पॅकेजमधली 'यूएसबीरीसेट' कमांड तेच काम सॉफ्टवेअरमधून करते. रीसेटमध्ये दोन्ही डेटा वायर किमान १० मिलिसेकंद लो ठेवल्या जातात. उपकरण आपला पत्ता विसरतं आणि होस्ट त्याची पुन्हा ओळख करून घेतो. यालाही त्याच फाइलवर लिहिण्याचा अधिकार लागतो. म्हणजे वरचा नियम लिहिला असेल तर रीसेटही सुडोविना!

पण एक लक्षात ठेवा, रीसेटने वीज जात नाही. फर्मवेअरच अडकलं असेल तर केबल काढावीच लागते. बोर्डाला वेगळा अ‍ॅडॅप्टर असेल तर तोही काढा.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी एलएसयूएसबी, मग परवानगी, मग रीसेट आणि शेवटी केबल. आणि नियमाची ती फाइल एकट्याजवळ ठेवू नका, लॅबच्या मशीनवर बसवून घ्यायला सरांना सांगा. पुढच्या बॅचची एक रात्र तरी वाचेल!