दरड सुटते कुठे आणि पोचते कुठे

१९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली. शोधकार्य थांबलं तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. त्यावर यंत्रणेच्या ढिलाईबद्दल पुष्कळ बोललं गेलं. पण माझ्या मते प्रश्न ढिलाईच्या पुढचा आहे. यादी कसोशीने केली तरी अशी वाडी निसटू शकते, कारण आपली पद्धत डोंगराला ‘तू कुठे सुटशील’ एवढंच विचारते. सुटलेला राडारोडा कुणाच्या दारात जाईल, हे ती विचारतच नाही.

भारतीय मानक १४४९६ च्या १९९८ सालच्या दुसऱ्या भागात उतार जोखण्याची रीत दिली आहे. खडकाचा प्रकार, त्यातल्या भेगा-सांधे, उताराचा कोन आणि जमिनीचा वापर यांना प्रत्येकी जास्तीत जास्त २ गुण, उंचसखलपणा आणि भूजल यांना प्रत्येकी १, असे एकूण १०. कोन ४५ अंशांच्या वर गेला की पूर्ण २ गुण, १५ अंशांच्या आत असला तर जेमतेम अर्धा. आता सह्याद्रीतली वस्ती कुठे असते ते पाहा. कातळकड्याच्या खाली, वरून घरंगळलेल्या माती-दगडांनी तयार झालेल्या पदरावर. तिथे भात होतो, झऱ्याचं पाणी मिळतं, जमीन सपाट असते. म्हणजे नेमकी वाडीची जागा कोनाच्या रकान्यात सर्वांत कमी गुण मिळवते आणि वरचा निर्मनुष्य कडा सर्वांत जास्त. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४पासून हाती घेतलेलं दरडप्रवणतेच्या नकाशांचं देशव्यापी काम १:५०,००० प्रमाणावरचं. त्यात नकाशावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. अख्खी वाडी दोन-चार मिलिमीटरांत संपते. प्रदेशाचं नियोजन करायला हे प्रमाण उत्तम, पण घरं कुठे ठेवायची हे ठरवायला अपुरं. शिवाय धोका दरड सुटते त्या जागेपुरता नसतो: वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ रोजी दरड पुंचिरिमट्टमच्या वर डोंगरात सुटली आणि राडा नदीच्या पात्राने सुमारे ८ किलोमीटर वाहत गेला. मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं त्या वाटेवर होती.

संगणकीय प्रारूपं हे सगळं सुधारतील, असं म्हटलं जातं. सुधारतीलही, पण ती शिकतात जुन्या दरडींच्या नोंदींवरून. घाटरस्त्यावर दरड आली की वाहतूक अडते, जेसीबी येतो, नोंद होते. रानातल्या घळीत आलेल्या दरडीची दखल कोण घेणार? अशा नोंदींवर पोसलेलं प्रारूप रस्त्याजवळचा उतार धोक्याचा ठरवतं, आणि तपासणीही त्याच नोंदींतून केली तर त्याला भरघोस गुण मिळतात. उपग्रहचित्रांनी हा कल कमी होतो, पण पावसाळ्यातले ढग आणि वर्षभरात पुन्हा चढणारं रान जुने व्रण झाकून टाकतात.

यावरचा वजनदार आक्षेप असा: खरं कारण पाऊस आहे, मग उतारांचा एवढा खल कशाला? जुलै २०२१मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात महाड तालुक्यातलं तळिये गाडलं गेलं. पण त्या दिवशी आजूबाजूच्या शेकडो उतारांवरही धो-धो कोसळला, ते जागचे हलले नाहीत. पाऊस वेळ ठरवतो, जागा नाही. माळीणच्या दरडीनंतर, २०१४मध्ये, पडकईकडे, म्हणजे उतार फोडून शेतं सपाट करण्याकडे, बोट दाखवलं गेलं, त्यातही हाच मुद्दा होता: उतार आधीच तयार झालेला असतो. दुसरा आक्षेप प्रशासनाचा, आणि तो जास्त प्रामाणिक आहे. राड्याची वाटही मोजायची म्हटलं तर नकाशावर अर्धा सह्याद्री लाल होईल, इतक्या वाड्या हलवणार कुठे? मला उलट वाटतं. राडा सगळीकडे पसरत नाही, तो बहुधा ओहोळ आणि घळी धरतो. त्या वाटा आखल्या तर एकाच वाडीतली धोक्याची दहा घरं वेगळी काढता येतात आणि उरलेल्यांना उगाच जमीन सोडावी लागत नाही. काहींना कायमचं पुनर्वसन लागेल, बाकीच्यांना अतिवृष्टीच्या रात्रीपुरतं शाळेत येणं पुरेल, मात्र ती शाळा ओहोळाच्या तोंडाशी नको. शिवाय पर्जन्यमापक महसूल मंडळाला एक असून भागणार नाही. माथ्यावरचा आणि पायथ्याचा पाऊस एकाच दिवशी दुपटीने वेगळा असू शकतो, आणि वाडी रिकामी करायची ती माथ्यावरच्या आकड्यावरून.