कायकोराचा देवमासा, पवनीची जिप्सी

कायकोरा (न्यूझीलंड) : क्राइस्टचर्चहून उत्तरेकडे गाडीने अडीच तासांवर हे छोटं गाव. भंडाऱ्याकडचं कुणी इकडे आलं की फर्माईश ठरलेली : देवमासा दाखवा.

इथे तो बाराही महिने दिसतो. किनाऱ्याजवळच समुद्राचा तळ एकदम हजार मीटरहून खोल जातो आणि त्या दरीत स्पर्म व्हेलला पोटभर खाणं मिळतं. बोट थांबवून कप्तान पाण्यात मायक्रोफोन सोडतो. खालून ठक, ठक, ठक. भंडाऱ्यात पितळी भांड्यावर हातोडी पडावी तसा नेमका ठोका. तो थांबला की जनावर वर येतंय असं समजायचं. वर आलं की फवारा उडतो, तोही सरळ नव्हे, डावीकडे तिरपा. दहाएक मिनिटं श्वास घेऊन झाला की पाठ वाकते, शेपूट उभी राहते आणि स्वारी पाऊण तास गायब.

त्या दहा मिनिटांत बोटीने काय करायचं, हे कायद्याने ठरलेलं आहे. पन्नास मीटरच्या आत जायचं नाही, तीनशे मीटरच्या टापूत तीनहून जास्त बोटी नकोत, समोरून वाट अडवायची नाही. कप्तान हे पाळतात, कुणी ‘अजून थोडं पुढे घ्या ना’ म्हणत नाही. मला मात्र ३१ डिसेंबर २०२४ आठवतो. आपल्याकडच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या जिप्स्यांनी दोन्हीकडून कोंडले होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाईड निलंबित झाले.

हा फरक का? गोरे लोक शिस्तीचे आणि आपण बेशिस्त, हे उत्तर सोपं आहे. मला ते पटत नाही. कायकोराच्या याच किनाऱ्यावर १८४०च्या दशकात देवमासे मारायचे अड्डे होते. तेव्हाचं ‘फाइफ हाउस’ अजून उभं आहे, पायाला देवमाशाच्या मणक्यांचे ठोकळे! देशातली शेवटची शिकार १९६४ची, संरक्षणाचा कायदा १९७८चा. पुढे ऐंशीच्या दशकात रेल्वेतल्या नोकऱ्या गेल्या, इथल्या मूळनिवासी माओरींच्या घरांवर बेकारी आली. तेव्हा चार माओरी कुटुंबांनी राहती घरं तारण ठेवून १९८७मध्ये देवमासे दाखवायचा हा धंदा उभा केला. पूर्वज पाइकेआ देवमाशाच्या पाठीवर बसून आला असं मानणारी ही माणसं. कंपनी आजही त्यांच्याच समाजाची.

त्यांनी एक गोष्ट हुशारीने केली. देवमासा दिसला नाही तर तिकिटाचे ऐंशी टक्के परत. म्हणजे जनावर आलं नाही तर तोटा मुख्यतः कंपनीचा. आपल्याकडे वाघ दिसो न दिसो, जिप्सीचे पैसे गेले ते गेलेच. मग पर्यटक चालकाच्या मागे लागतो, चालक वाघिणीच्या. गाईडची बक्षिसीही वाघावर अवलंबून. निलंबनाने हा हिशेब बदलत नाही. पवनीच्या फाटकावर अर्धे जरी पैसे परत मिळू लागले, तरी आत गाडी पळवायला लावणारे निम्मे गप्प बसतील, असं मला वाटतं.

तिकीट मात्र महाग आहे. एका माणसाच्या पैशांत आपल्याकडे अख्खी जिप्सी होते. आणि उलटीची गोळी बोटीत चढण्याआधी घ्या, चढल्यावर उपयोग नाही.